विश्लेषण : मृत जनावराचे कंपोस्ट सुरक्षित असते का?

गोठ्यातले जनावर दगावले की ते टाकायचे कुठे, हा शेतकऱ्यापुढचा प्रश्न असतो. पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे फस्त करत. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे गिधाडे झपाट्याने घटली. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर गिधाडांची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली होती.

पुरल्यास अडचण काय?
खड्ड्यात हवा खेळत नाही, त्यामुळे कुजणे रेंगाळते. पाझरणारा नत्रयुक्त द्रव भूजलात मिसळू शकतो. पाण्याची पातळी वर असेल, तर जवळच्या विहिरीला धोका वाढतो.

कंपोस्ट कसे होते?
जमिनीवर लाकडाच्या तुकड्यांचा किंवा भुशाचा दोन फूट थर देतात. त्यावर जनावर ठेवून चहूबाजूंनी आणि वरून तेवढाच थर टाकतात. मांसात नत्र असते, भुशात कर्ब. दोन्हींवर जगणारे जिवाणू उष्णता निर्माण करतात आणि आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. ते काही दिवस टिकले की बहुतेक रोगजंतू मरतात. भुसा द्रव शोषतो आणि दुर्गंधी अडवतो. मोठ्या जनावराला साधारण सहा महिने लागतात. उरलेली मोठी हाडे पुढच्या ढिगात घालतात.

हे कुठे वापरले गेले?
अमेरिकेत २०१५ च्या बर्ड फ्लूमध्ये सुमारे पाच कोटी पक्षी दगावले किंवा मारावे लागले. मिनेसोटात अनेक ठिकाणी टर्कींचे कंपोस्ट शेडमध्येच केले गेले.

चूक कुठे होते?
थर पातळ राहिला तर कुत्री ढीग उकरतात. ओलावा जास्त झाला तर हवा कोंडते, दुर्गंधी सुटते आणि द्रव झिरपतो. त्यामुळे ढीग उंचवट्यावर, विहीर-ओढ्यापासून किमान २०० फूट दूर हवा. हे खत भाजीपाल्याला वापरू नये.

केव्हा करू नये?
काळपुळीचे (अँथ्रॅक्स) बीजाणू या उष्णतेतही टिकतात. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर ते कापू किंवा हलवू नका. आधी पशुवैद्यकाला बोलवा. दयामरणासाठी दिलेल्या पेंटोबार्बिटालचे अंशही खतात राहू शकतात. म्हणून ढीग रचण्याआधी मृत्यूचे कारण कळणे महत्त्वाचे.