जमीन न विकता पाहुणचार

मालवणहून आचऱ्याच्या वाटेला लागून कालावलची खाडी ओलांडली की तोंडवली जवळ येते. समुद्रालगत सुरूचं लांबच लांब बन, बनापुढे वाळू आणि अलीकडे माडांत विखुरलेली चिऱ्याची कौलारू घरं. दक्षिणेकडे गाव निमुळतं होत तळाशीलला पोचतं, तेव्हा जमिनीची अरुंद पट्टी तेवढी उरते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी. नकाशावर हे बेट नाही, पण इथलं जगणं बेटावरच्या माणसांसारखंच आहे. पिण्याचं पाणी वाळूखालून, मासळी दारातून आणि पावसाळ्यात जमीन किती उरेल याची काळजी दरवर्षी नवी.

या गावात आणि आसपासच्या किनाऱ्यावर आता खोल्या भाड्याने मिळतात. कुणी जुन्या पडवीला भिंत घालून खोली केली आहे, कुणी खळ्याच्या कडेला दोन खोल्या आणि संडास-न्हाणीघर बांधलं आहे. मध्ये एजंट नसतो, स्वागतकक्ष नसतो. फोन लावायचा, तारीख सांगायची, मोबाइलवरून थोडी आगाऊ रक्कम पाठवायची आणि किती जण जेवणार ते कळवायचं, एवढ्यावर मुक्काम ठरतो. ही साधी देवघेव या किनाऱ्याने मोठ्या वादातून जपली आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

तेराशे एकर आणि दोन खोल्या

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर विकासाच्या ज्या कल्पना मांडल्या गेल्या, त्यांतली सर्वांत भव्य तोंडवली आणि शेजारच्या वायंगणीच्या वाट्याला आली. तिचं नाव ‘सी-वर्ल्ड’. समुद्री जीवांचं प्रचंड मत्स्यालय, करमणूक केंद्रं, हॉटेलं असा तो आराखडा होता आणि त्यासाठी सुरुवातीला तेराशे एकरांहून अधिक जमिनीची मागणी होती. गावकऱ्यांनी विरोध केला. पुढे क्षेत्र साडेतीनशे एकरांच्या आसपास आणण्याची चर्चा झाली. प्रकल्पाच्या बाजूचे लोकही होते. रोजगार येईल, मुलं मुंबईला जाणार नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण वर्षामागून वर्षं गेली आणि प्रकल्प उभा राहिला नाही.

त्या वादात विरोध करणाऱ्यांना पर्यटनाचे वैरी ठरवलं गेलं. तसं म्हणणं अन्यायाचं होतं. त्याच काळात तारकर्ली, देवबाग, वायरी, भोगवे अशा गावांत घरोघर पाहुणे उतरू लागले होते. म्हणजे पाहुणा या किनाऱ्याला नको नव्हता. वाद होता तो सातबाऱ्यावर कुणाचं नाव राहणार याचा. जमीन गेली की माणूस त्याच जागेवर पगारी कामगार होतो. जमीन राहिली तर दोन खोल्यांचा का होईना, तो यजमान असतो.

हाच प्रश्न मालदीवने दुसऱ्या टोकाकडून अनुभवला. तिथे १९७२ साली ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली. पर्यटक निर्जन बेटांवरच्या रिसॉर्टांत, स्थानिक माणसं आपापल्या बेटांवर. लोकवस्तीच्या बेटांवर पाहुणघरं चालवण्याची वाट २००९ नंतर खुली झाली. मग माफुशीसारख्या जेमतेम किलोमीटरभर लांबीच्या बेटावर घरांची पाहुणघरं झाली आणि मधल्या उत्पन्नाचा प्रवासीही मालदीवला जाऊ लागला. पर्यटनाचा पैसा सामान्य कुटुंबाच्या घरात पोचायला तिथे जवळपास चार दशकं लागली. मालवणच्या किनाऱ्यावर घरंही होती आणि त्यांचे मालकही. तो आरंभ वाया जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

बंद घरांचा हिशेब

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आकसला. मुंबई, पुणे, गोवा इथे गेलेल्या चाकरमान्यांची घरं गावोगाव कुलूपबंद आहेत. चिऱ्याची भिंत माणसाच्या वावराशिवाय टिकते, कौलारू छप्पर टिकत नाही. वासे वाळवी खाते, कौलं माकडं आणि वारा हलवतात, मग पहिल्या पावसात माजघरात पाणी. अशा घराला वर्षातून चार महिने पाहुणा मिळाला, तर छपराच्या दुरुस्तीचा खर्च निघतो. म्हणूनच होमस्टेकडे नुसता जोडधंदा म्हणून पाहून चालणार नाही. घर जिवंत ठेवण्याचाही तो उपाय आहे.

इथेच कायद्याची पहिली गाठ पडते. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची नोंदणी होते. सुवर्ण आणि रजत अशा दोन श्रेणी आहेत. मात्र मालकाने त्या घरात राहिलं पाहिजे. राज्यात पर्यटन विकास महामंडळाने न्याहारी-निवास योजना रुजवली आणि पर्यटन संचालनालयही अशी नोंदणी करतं. हेतू चांगला आहे. पण कोकणातलं घर क्वचितच एकाच्या नावावर असतं. सातबारा सामाईक, घराच्या उताऱ्यावर पणजोबांचं नाव, वारसांतले काही डोंबिवलीत, काही बडोद्यात. सगळ्यांची संमती मिळवताना दोन हंगाम निघून जातात आणि राखणदारावर सोपवलेलं बंद घर तर मालकाच्या वास्तव्याच्या अटीतच बसत नाही. अशी घरं मग नोंदणीविना चालतात. पाहुण्याला तक्रारीची जागा राहत नाही आणि यजमानाला कर्ज मिळत नाही.

स्त्रियांसाठी एक दार उघडलं आहे. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ या महिलाकेंद्री पर्यटन धोरणात स्त्रीच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा ठेवला आहे. या किनाऱ्यावर खोल्यांची झाडलोट, चादरी, स्वयंपाक, फोनवरची बोलणी यांतलं बहुतेक काम बायकाच करतात. कागदावर मालकी त्यांची असेल, तर लाभ त्यांना. आणि मालकीची अडचण पुन्हा त्याच सामाईक उताऱ्यापाशी येऊन थांबते.

दुसरी गाठ किनाऱ्याच्या नियमांची. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. ती २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बदलली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन तिच्या कक्षेत येते. तोंडवली-तळाशीलसारख्या ठिकाणी त्यातून किती घरं सुटणार? पण याच नियमांनी एक वाटही दिली आहे. २०११ च्या अधिसूचनेत मच्छीमारांसारख्या स्थानिक समाजांना घराचा चौथरा, रचना आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवण्याची मुभा आहे. तेव्हा खोली घेताना यजमानाचं राहतं घर निवडणाऱ्या पाहुण्याला बेकायदा बांधकामाची धास्ती कमी असते. वाळूत नुकताच ओतलेला सिमेंटचा मजला दिसला, तर मात्र परवानगी आहे का ते विचारावं.

कराचंही थोडक्यात सांगायला हवं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. दोन-तीन खोल्यांचं घर या मर्यादेत आरामात बसतं. तीच खोली एखाद्या ॲपवरून घेतली, तर नोंदणी नसलेल्या यजमानाच्या वतीने कर भरण्याची जबाबदारी त्या ॲपवर येते, शिवाय त्याचं कमिशन असतं. ॲपवरचा आणि फोनवरचा दर वेगळा का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. परदेशी पारपत्र असलेला पाहुणा उतरला तर यजमानाला त्याची माहिती २४ तासांत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. परदेशातून येणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही माहिती मागितली गेल्यावर रागावू नये.

घराचं पंचांग

हॉटेलची खोली वर्षभर सारखीच असते. घरातली खोली घराच्या पंचांगाने चालते आणि ते पंचांग ठाऊक नसलेला पाहुणा हमखास अडतो.

गणेशचतुर्थीला चाकरमानी येतात, तेव्हा प्रत्येक खोलीत भाऊबंद असतात. त्या दिवसांत पाहुण्यासाठी जागा मागणं म्हणजे यजमानाला संकटात टाकणं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते आणि ती ठरली की मसुरे, मालवण, आचरा या सगळ्या पट्ट्यात अंथरुणाला जागा उरत नाही. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदैवताचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रे घेऊन वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्यांत राहायला जातं. घरं बंद, दुकानं बंद. त्या आठवड्यासाठी आगाऊ रक्कम घेणारा यजमान सापडला, तर तो गावातला नाही हे ओळखावं.

समुद्राचंही पंचांग आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मे महिना सरता सरता जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही थांबतात आणि पावसाचा जोर ओसरल्यावर पुन्हा सुरू होतात. आषाढात येणाऱ्याने ताटात सुक्या बांगड्याचं किसमूर, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज गृहीत धरावी. ते जेवण उणं नाही, पण सुरमईच्या आशेने आलेला माणूस हिरमुसतो. हंगामातसुद्धा मासा ठरतो तो त्या दिवशीच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यावर, किंवा बाजारावर. जेवणाची वर्दी आदल्या रात्री का मागतात, त्याचं कारण हे. सोमवारी अनेक घरांत मासे शिजत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावं.

नावांचा एक घोटाळा नेहमी होतो. कासवांच्या पिल्लांसाठी ओळखलं जाणारं वायंगणी वेंगुर्ले तालुक्यात आहे. तोंडवलीला लागून असलेलं वायंगणी मालवण तालुक्यातलं. फोनवर फक्त ‘वायंगणी’ म्हणून ठरवलेल्या मुक्कामात तालुका वेगळा निघू शकतो.

वाळूखालचं पाणी

भाड्याच्या खोलीचा खरा प्रश्न मात्र जमिनीखाली आहे. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीत विहिरीला गोडं पाणी लागतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्रातला ठोकताळा असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर पातळी असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरांपर्यंत गोडं पाणी असतं. उलट बाजूने तोच हिशेब भयंकर आहे. उपशाने वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालचं खारं पाणी कित्येक पटींनी वर चढतं. मालदीवच्या प्रवाळबेटांनी हे भोगलं आहे. तिथे आज पिण्याच्या पाण्यासाठी समुद्राचं पाणी गोडं करावं लागतं.

एप्रिल-मे हाच या किनाऱ्याचा गर्दीचा हंगाम आणि विहिरींचा तळ दिसण्याचाही. दिवसातून तीनदा शॉवर, रोज बदललेल्या चादरी, पोहण्याचा तलाव, या सगळ्याचं पाणी त्याच वाळूतून येतं. त्याच वाळूत संडासाचे शोषखड्डेही असतात. वाळूतून पाणी झपाट्याने सरकतं, त्यामुळे खड्डा आणि विहीर यांत अंतर कमी असेल, तर दूषित पाणी विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. चार माणसांच्या कुटुंबासाठी खणलेला खड्डा हंगामात चौदा माणसांचा भार घेतो, तेव्हा हा धोका नुसता पुस्तकी राहत नाही.

वरच्या बाजूने जमीनही झिजते आहे. तळाशीलचे लोक धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी आणि खाडीतल्या वाळूउपशाला विरोध, दोन्ही करत आले आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने मालवण किनाऱ्यावर माड पाडले, कौलं उडवली, वीज कित्येक दिवस घालवली. पाहुण्यांवर चालणाऱ्या घरांचा तो दुसरा करोना-हंगामही बुडाला.

समुद्रात उतरण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सहलीला आलेले आठ जण बुडाले. शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावर ओढ कुठे आहे आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी किती वेगाने बाहेर जातं, हे तिथल्या माणसाला कळतं. रापण ओढणाऱ्या घरात उतरलेल्या पाहुण्याला हे ज्ञान फुकट मिळतं. यजमान ‘आज उतरू नका’ म्हणाला, की खोलीचे पैसे वसूल झाले असं समजावं.

काय करता येईल

उपाय मोठ्या निधीचे नाहीत. सामाईक घरासाठी सर्व वारसांच्या संमतीऐवजी, प्रत्यक्ष राहणाऱ्या वारसाच्या नावे ठरावीक वर्षांची तात्पुरती नोंदणी शासन देऊ शकतं. मालकीचा हक्क त्याने बदलत नाही. राखणदाराच्या घरांसाठी वेगळा वर्ग करता येईल, अट एवढीच की जबाबदार माणूस त्याच वाडीत राहणारा असावा. ग्रामपंचायत घरनिहाय खोल्यांची यादी ठेवू शकते, मेअखेर विहिरींच्या पाण्याची तपासणी करून तिचे आकडे फलकावर लावू शकते आणि शोषखड्डा व विहीर यांतलं अंतर पाहूनच खोल्यांच्या संख्येला ना-हरकत देऊ शकते.

प्रवाशाच्या हातातही बरंच आहे. खोली ठरवताना दराआधी चार गोष्टी विचाराव्यात: घरमालक कुठे राहतात, नोंदणी आहे का, मे महिन्यात पाणी विहिरीचं असतं की टँकरचं आणि कचरा कुठे जातो. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक यजमान मोकळेपणाने देतात. चौथ्याला अडखळतात, कारण प्लास्टिकच्या बाटल्या न्यायला गावात गाडी येत नसेल, तर त्या जाळल्या तरी जातात किंवा खाडीत तरी. बाटलीबंद पाण्याऐवजी उकळलेलं पाणी मागणारे पाहुणे वाढले, तर हा प्रश्न निम्म्याने हलका होईल. उरलेल्या निम्म्यासाठी तोंडवली, वायंगणी आणि आचरा या तीन गावांनी मिळून एक गाडी ठरवावी. तसा ठराव प्रत्येक गावाच्या ग्रामसभेच्या एका बैठकीत होऊ शकतो आणि खोल्या रिकाम्या असतात त्या पावसाळ्यात यजमानांना बैठकीला बसायला वेळही असतो.