बटण दाबलं की गाय हंबरते

नऊ महिन्यांच्या बाळासाठी व्हिडिओ गेम, ही थट्टा नव्हती. हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीने २००६ साली ‘व्ही.स्माइल बेबी’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. टीव्हीला जोडायचा एक डबा आणि बाळापुढे मांडायचं ढब्बं रंगीत पॅनेल. त्यावर मोठाली बटणं आणि गोल फिरवायचा चेंडू. वय ९ ते ३६ महिने. नावाला जोडलेल्या शेपटाचा मराठीत अर्थ होतो ‘शिशुविकास यंत्रणा’. तो डबा केव्हाच माळ्यावर गेला, पण त्याच्या खोक्यावरची भाषा आज मोबाइलच्या ॲपवर आणि बोलणाऱ्या खेळण्यांवर नांदते आहे. तिच्यासोबत काही समजही.

पहिला समज: बटण दाबलं की गाय हंबरते, म्हणजे बाळ ‘गाय’ शिकलं. बाळ शिकतं ते बटण. ‘केलं की होतं’ हे या वयात उमगणं मोठी गोष्ट खरी, पण ते वाटी फरशीवर आपटूनही उमगतं, आणि वाटीचा आवाज आपटली तिथूनच येतो. इथे बटण मांडीशी आणि गाय समोरच्या टीव्हीत. हा सांधा आपल्याला दिसतो, बाळाला सहज दिसत नाही. १९९८ साली ट्रोसेथ आणि डीलोच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दाखवलं. काहींना खिडकीतून, काहींना टीव्हीवर. खिडकीतून पाहिलेली मुलं सरळ जाऊन खेळणं काढत. टीव्हीवर पाहिलेली पुष्कळशी भलतीकडेच शोधत राहिली. लपवणं तेच, खोली तीच, पण टीव्हीतली खोली म्हणजे ही शेजारचीच, हे काही जुळेना.

दुसरा समज फार लाडका आहे. ‘आमचा तर पापणी न हलवता बघतो, केवढी एकाग्रता!’ चित्र सारखं पालटत असतं, मधूनच आवाज होतो, आणि नव्या हालचालीकडे लक्ष जाणं हा मेंदूचा उपजत स्वभाव. याला एकाग्रता म्हणायचं, तर पंख्याकडे टक लावणारं बाळही समाधीतच असतं. खरी एकाग्रता स्वयंपाकघरात बघा. वर्षाचं पोर डब्याला झाकण लावतंय. उलटं ठेवतं, दाबतं, बसत नाही. आपल्याकडे बघतं. ‘अगं, फिरव ना’ म्हटलं की पुन्हा दाबतं.

ते मधेच आपल्याकडे बघणं, तिथेच सगळी मेख आहे. सिॲटलमध्ये संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी माणसं समोर बसून बोलली, खेळली. दुसऱ्याला तेच डीव्हीडीवर दाखवलं. बारा बैठकांनंतर पहिल्या गटाला चिनीतले बारीक उच्चारभेद ओळखू येत होते. डीव्हीडीवाल्यांच्या कानात काहीच उरलं नव्हतं. पुढे २०१० मध्ये डीलोच यांनी शब्द शिकवणारी बाळांची डीव्हीडी घरोघरी चार आठवडे लावून पाहिली. ती पाहणारी मुलं न पाहणाऱ्यांपेक्षा पुढे गेली नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले, ते जिथे आईबापांनी डीव्हीडीशिवाय स्वतःच शिकवले तिथे. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच: ज्या पालकांना डीव्हीडी फार आवडली होती, त्यांना आपलं मूल जास्त शिकल्यासारखं वाटत होतं.

‘शैक्षणिक’ लिहिलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, असंही आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो शब्द कंपनीच छापते, त्यामागे कुठली परीक्षा नसते. ‘बेबी आइन्स्टाइन’ या डीव्हीडींबद्दल तक्रारी वाढल्यावर मालक डिस्नेने २००९ मध्ये, चूक मान्य न करता, ग्राहकांना पैसे परत देऊ केले. ‘युअर बेबी कॅन रीड’ विकणाऱ्यांवर तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१२ मध्ये फसव्या दाव्यांबद्दल कारवाईच केली.

आता उलट्या टोकाचा समज, जो हल्ली व्हॉट्सॲपवर जोरात आहे: स्क्रीनमुळे ऑटिझम होतो. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मापासूनची वेगळी वाट आहे, आणि स्क्रीनमुळे ती तयार होते हे सिद्ध झालेलं नाही. या अफवेचा खरा तोटा असा, की बोलायला उशीर झालेल्या मुलाचा मोबाइल काढून घेऊन घरचे महिनोन्‌महिने वाट बघतात आणि तपासणी लांबते. मोबाइल काढा, पण मुलाला डॉक्टरांकडेही न्या. स्क्रीनचं खरं नुकसान साधं आहे: झोप, पळापळ आणि गप्पा यांचा वेळ तो खातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको.

मग आजीचा व्हिडिओ कॉलही बंद? नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल मुद्दाम वगळला. कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं. न्यू जर्सीतल्या नातीने अर्धं चावलेलं बिस्किट फोनच्या काचेवर टेकवलं, की नाशिकची आजी ‘आ’ करते, चावल्यासारखं करते आणि म्हणते, ‘अगंबाई, गोड आहे की गं!’ नात बिस्किट मागे घेते, त्याच्याकडे निरखून पाहते आणि पुन्हा काचेला लावते.