चेंडू एक, पेले वेगळे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचं होतं. हाताशी पालवणकर बाळूंसारखा अफलातून डावखुरा फिरकीपटू होता. पण जातीनं चांभार! संघात घेतलं. मैदानात साऱ्यांचे हात एकाच चेंडूला लागत. चहा मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात.

नुसत्या सहवासानं पूर्वग्रह विरत नाहीत, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं. समान ध्येय, सहकार्य, वरिष्ठांचा पाठिंबा आणि बरोबरीचा दर्जा हवा. पुण्यात अडलं ते या शेवटच्यापाशीच.

अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात चक्क क्रिकेट लीग भरवून पाहिली. मिश्र संघांत आंतरजातीय मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्यांत जवळीक उलट घटली.

बरोबरीच्या दर्जाचं म्हणाल, तर बाळू कर्णधार झालेच नाहीत. हिंदू संघाचं नेतृत्व १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.