द्रवीभूत नैसर्गिक वायू : आशियाई बाजारातील मागणी आणि गरज

‘गॅस’ हा शब्द उच्चारताच आपल्याकडे स्वयंपाकघरातील सिलिंडर डोळ्यांपुढे येतो. त्या सिलिंडरात प्रोपेन व ब्यूटेन असतात आणि साध्या दाबाखाली ते द्रवरूप होतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला द्रवीभूत नैसर्गिक वायू याहून सर्वस्वी भिन्न होय. तो मुख्यतः मिथेन असून उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावरच द्रवरूप होतो. या अवस्थेत त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते, म्हणून तो जहाजातून दूरदेशी नेणे शक्य होते. या वायूच्या व्यापाराची चर्चा ‘मागणी’ आणि ‘पुरवठा’ या दोन शब्दांभोवती फिरते. त्यांपैकी पहिल्या शब्दाच्या पोटात किती निरनिराळे अर्थ सामावले आहेत, हे स्पष्ट करणे हा येथील हेतू आहे.

मराठीत ‘मागणी’ हे नाम ‘मागणे’ या धातूपासून आले आहे. मागणी घातली म्हणजे ती मान्य होतेच असे नाही. विवाहाच्या व्यवहारात हे सर्वांस ठाऊक आहे. अर्थशास्त्रात मात्र मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. किंमत देण्याची तयारी व ऐपत जिच्या पाठीशी आहे, अशी इच्छा. ज्याला वस्तू हवी आहे, परंतु तिचा दर परवडत नाही, तो मागणीच्या आकड्यांतून वगळला जातो. त्याची ‘गरज’ तेवढी उरते, आणि ती कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

आशियातील या व्यापाराचा पाया जपानने घातला. १९६९ मध्ये अलास्काहून जपानला पहिली खेप पोहोचली. द्रवीकरणाचा कारखाना, विशेष बांधणीची जहाजे आणि किनाऱ्यावरील साठवण-टाक्या यांस प्रचंड भांडवल लागते. म्हणून विक्रेता व ग्राहक पंधरा-वीस वर्षांच्या करारांनी एकमेकांस बांधून घेत आणि वायूचा दर खनिज तेलाच्या दराशी जोडला जाई. मार्च २०११ मधील भूकंपानंतर जपानमधील अणुवीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली, तेव्हा त्या देशाची आयात २०१० मधील सुमारे ७ कोटी टनांवरून २०१२ मध्ये सुमारे ८.७ कोटी टनांवर गेली. दर चढत असतानाही खरेदी वाढली. येथे गरज आणि मागणी एकरूप होती, कारण गरजवंत श्रीमंत होता.

भारताची स्थिती निराळी आहे. कतारशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारान्वये २००४ मध्ये गुजरातेतील दहेज येथे या वायूची पहिली खेप उतरली. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथील प्रकल्प या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने उभारलेले तेथील वीजकेंद्र १९९९ मध्ये नॅफ्थ्यावर सुरू झाले. विजेच्या दरावरून तंटा होऊन २००१ मध्ये ते बंद पडले आणि २००५ मध्ये नव्या सरकारी कंपनीकडे सोपविण्यात आले. जानेवारी २०१३ मध्ये शेजारच्याच बंदरात द्रवीभूत वायूची पहिली खेप आली. परंतु देशी वायू आटल्यामुळे त्याच वर्षी वीजकेंद्र ठप्प झाले. आयात वायूपासून केलेली वीज घेण्यास ग्राहक नव्हता. वायू दाराशी होता, विजेची गरजही होती. नव्हती ती मागणी.

याचे कारण गोंदिया जिल्ह्यात बसून सहज उमगते. तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे आणि ते कोळशावर चालते. जेथे कोळशाची वीज स्वस्त मिळते, तेथे महाग वायूची वीज कोणी विकत घेत नाही. म्हणून भारतीय वीजक्षेत्राची वायूची मागणी दराबरोबर चढते-उतरते. आशियातील तात्कालिक खरेदीचा दर एप्रिल २०२० मध्ये दर दहा लाख ब्रिटिश औष्णिक एककांस २ डॉलरांच्याही खाली होता. मार्च २०२२ मध्ये तो ८० डॉलरांच्या वर गेला. रशियाचा वायू तुटल्यामुळे युरोपने जहाजे आपल्याकडे वळविली, आणि त्या वर्षी भारताची आयात घटली. पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या निविदेस तर एकही विक्रेता पुढे आला नाही.

परंतु याच जिल्ह्यात या वायूचा दुसरा, न दिसणारा ग्राहकही आहे : धान पिकविणारा शेतकरी. मिथेनपासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया अशी ही साखळी आहे. भारतात युरियाचे कारखाने मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालतात आणि त्यांपैकी मोठा भाग आयात वायूचा असतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्यास सुमारे २६६ रुपयांना मिळते. खर्चातील फरक केंद्र सरकार अनुदानाने भरून काढते. त्यामुळे जागतिक दर दसपट झाला तरी बांधावर त्याची चाहूल लागत नाही. येथे मागणी टिकते, कारण ती शेतकऱ्याच्या नव्हे, सरकारी तिजोरीच्या ऐपतीवर उभी असते.

तात्पर्य, ‘आशियाची मागणी’ असा एकवचनी प्रयोग दिशाभूल करणारा आहे. जपानची मागणी संपत्तीच्या बळावर टिकते, खताची अनुदानाच्या बळावर, आणि विजेची दर उतरला तरच प्रकट होते. ‘पुरवठा’ या शब्दातही एक गर्भित आश्वासन आहे : तो ‘पुरणे’ याच्या प्रयोजक रूपापासून बनला आहे, बाजारातील पुरवठा मात्र सर्वांस पुरतोच असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताने कतारशी असलेल्या कराराची मुदत २०४८ पर्यंत वाढविण्याचे ठरविले, ते दरातील अशा चढउतारांपासून संरक्षण मिळावे म्हणून. तथापि करार जहाजे बांधून घेतो. ऐपत बांधून घेत नाही. म्हणून मागणी घटल्याचा आकडा वाचताना अभ्यासकाने प्रथम हे विचारावे की, गरज खरोखर भागली, की गरजवंत रांगेतून बाहेर पडला?