रस्तारुंदीला पुरून उरलेले क्रॉयडनचे वृद्धाश्रय

लंडनच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरवर वसलेले क्रॉयडन हे पूर्वी सरे परगण्यातील एक स्वतंत्र शहर होते. १९६५ पासून ते बृहन्लंडनचा भाग आहे. त्याच सुमारास तेथे कार्यालयांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, पुढे भव्य व्यापारी संकुल आले आणि २००० पासून भर बाजारपेठेतून ट्राम धावू लागली. या साऱ्या वर्दळीत, नॉर्थ एंड आणि जॉर्ज स्ट्रीट हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, लाल विटांची एक दुमजली वास्तू सव्वाचारशे वर्षांपासून उभी आहे. ती संग्रहालय नाही. ज्या कामासाठी ती बांधली गेली, तेच काम ती आजही करते. गरजू वृद्धांना ती निवारा देते.

इंग्लंडमध्ये अशा घरांना ‘आम्सहाउस’ म्हणतात. दानधर्मातून उभारलेली निराधार वृद्धांची घरे, असा त्याचा अर्थ. क्रॉयडनच्या वास्तूचे मूळ नाव मात्र ‘हॉस्पिटल ऑफ द होली ट्रिनिटी’ असे आहे. येथे हॉस्पिटल म्हणजे रुग्णालय नव्हे. या शब्दाचा जुना अर्थ आश्रयस्थान, अतिथिगृह असा होता. गोव्यातील वाचकांना हे नवे वाटू नये. आपण सहज वापरतो तो ‘इस्पितळ’ हा शब्द त्याच लॅटिन मुळातून निघून पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे आला. म्हापशाचे आझिलो आणि मडगावचे हॉस्पिसियो या नावांतही आश्रयाचाच अर्थ दडलेला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब, आजारी व वृद्ध यांचा सांभाळ बव्हंशी मठांकडे आणि धार्मिक संस्थांकडे होता. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले आणि हा आधार एकाएकी तुटला. ती पोकळी भरून काढण्यासाठी धनिक, व्यापारी व धर्माधिकारी यांनी स्वतःच्या मिळकतीतून अशी घरे बांधण्यास सुरुवात केली. क्रॉयडनचे वृद्धाश्रय त्यांपैकीच एक होय.

त्याचे संस्थापक जॉन व्हिटगिफ्ट हे १५८३ ते १६०४ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप होते. आर्चबिशपांचा एक राजवाडा क्रॉयडनमध्येच असल्याने या गावाशी त्यांचा निकटचा संबंध होता. राणी पहिली एलिझाबेथ हिची अनुज्ञा मिळाल्यावर १५९६ मध्ये बांधकामास आरंभ झाला आणि १५९९ मध्ये ते पूर्ण झाले. क्रॉयडन आणि लॅम्बेथ येथील गरीब, वृद्ध स्त्री-पुरुषांना तेथे जागा मिळू लागली. शेजारी एक शाळाही काढण्यात आली. या साऱ्याच्या खर्चासाठी व्हिटगिफ्ट यांनी जमिनी लावून दिल्या. मुळात महत्त्वाची ठरली ती हीच तरतूद. नुसती इमारत दान केली असती, तर पुढच्या दोन पिढ्यांत ती ओस पडली असती.

वास्तूची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. मधोमध चौकोनी अंगण, चारही बाजूंना दुमजली खोल्या, उतरती छपरे आणि विटांची उंच धुराडी. बाहेरून आत येण्यास एकच कमानदार दरवाजा. गरिबाला देणाऱ्याला काही उणे पडत नाही, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यावर कोरलेले आहे. खोल्यांची दारे रस्त्याकडे न उघडता अंगणात उघडतात. त्यामुळे रहिवाशांना सुरक्षितता मिळते आणि शेजारही मिळतो. आवारातच प्रार्थनामंदिर आणि सभागृह आहे. व्हिटगिफ्ट हे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. तेथील महाविद्यालयीन चौकांची आठवण ही वास्तू पाहताना होतेच.

या मांडणीचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची पद्धत पाहावी लागते. चिचेस्टर येथील सेंट मेरीज हॉस्पिटल हे तेराव्या शतकाच्या अखेरचे आश्रयस्थान आजही शिल्लक आहे. तेथे एका प्रचंड छपराखाली लांबलचक दालन आणि त्याच्या टोकाला प्रार्थनामंदिर, अशी रचना आहे. अशा दालनांत आश्रितांच्या खाटा मूळात ओळीने मांडलेल्या असत. पुढे काळ बदलला तसा प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वतःचे दार आणि स्वतःची शेकोटी मिळू लागली. छपरावरची ती अनेक धुराडी म्हणूनच केवळ शोभेची नाहीत. आश्रितालाही खासगी आयुष्य असते, या जाणिवेची ती खूण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ही वास्तू संकटात सापडली. रहदारी वाढली होती आणि कोपरा अरुंद होता. रस्ता रुंद करण्यासाठी इमारत पाडावी, अशी मागणी वारंवार पुढे येऊ लागली. १९१३ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा अधिक कडक झाला होता खरा, पण ज्या घरांत माणसे राहतात, ती त्यातील संरक्षण-आदेशाच्या कक्षेबाहेर ठेवलेली होती. भग्न किल्ल्याला लाभणारे कवच नांदत्या घराला मिळत नव्हते. अखेर हा प्रश्न संसदेपर्यंत पोहोचला आणि १९२३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या हस्तक्षेपामुळे वास्तू वाचली.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या सूचीची पद्धत रुजली आणि तिच्यात राहत्या घरांचाही समावेश झाला. क्रॉयडनचे वृद्धाश्रय त्या सूचीत पहिल्या श्रेणीत आहे. सूचीतील इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या श्रेणीत मोडतात. अशा इमारतीचे स्वरूप बदलणारा कोणताही फेरफार, मग तो आतला असला तरी, परवानगीवाचून करता येत नाही. येथेच खरी कसोटी लागते. वृद्धांना स्नानगृह हवे, उष्णता हवी, चढण्यास सोपे जिने हवेत, तर कायद्याला जुन्या भिंती जपायच्या असतात. दोन्ही बाजू सांभाळत काम करणे खर्चिक असते आणि वेळखाऊही.

तो खर्च भागतो कुठून? उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या त्या देणगीत आहे. व्हिटगिफ्ट यांच्या न्यासाची शाळा १९६५ मध्ये शहराच्या मध्यभागातून हलली. त्या मोकळ्या जागेवर व्हिटगिफ्ट सेंटर हे व्यापारी संकुल उभे राहिले, पण जमिनीची मालकी न्यासाकडेच राहिली. वृद्धाश्रयाच्या भोवती दिसणारा बाजार त्याचा शत्रू वाटतो, परंतु त्याच बाजाराच्या पायाखालची जमीन न्यासाला उत्पन्न देत आली आहे.

आज ब्रिटनमध्ये अशी घरे चालवणाऱ्या सुमारे १,६०० संस्था असून त्यांत ३६ हजारांच्या आसपास लोक राहतात. कायद्याच्या दृष्टीने हे रहिवासी भाडेकरू नसून न्यासाचे लाभार्थी असतात. ते भाडे नव्हे, तर देखभालीसाठी ठरावीक रक्कम देतात. भाडेकरूचे हक्क त्यांना मिळत नाहीत, ही या व्यवस्थेची उणी बाजू. मात्र याच कारणाने ही घरे खासगी मालकीत जाऊन विकली गेली नाहीत आणि पुढच्या गरजूसाठी शिल्लक राहिली.

क्रॉयडनचा इतिहास पाहता, वास्तू वाचवण्यास कायदा लागतोच, पण तेवढ्याने ती जिवंत राहत नाही. तिला उत्पन्नाचे साधन लागते आणि तिचा मूळ उपयोगही टिकावा लागतो. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, म्हणूनच नॉर्थ एंडच्या त्या अंगणात आजही संध्याकाळी घराघरांतून दिवे लागतात.