घोड्याची खाज : औषधाआधी कारण पाहा

पावसाळ्याच्या अखेरीस कळंबा तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरायला गेले, की डोक्यावर चिलटांचा थवा येतो. आपण रुमाल झटकतो आणि पुढे चालू लागतो. घोळका करून नाचणारी ती चिलटे बहुधा चावतही नाहीत. घोड्याला छळणारी जात त्याहून बारीक, एक ते तीन मिलिमीटरची. दावणीला बांधलेला घोडा शेपूट मारतो, कातडी थरथरवतो आणि त्याने भागले नाही, की खांबाला, भिंतीला, कुंपणाला मान व शेपटीचा बुडखा घासू लागतो. थोड्याच दिवसांत आयाळ झडते, शेपूट उंदराच्या शेपटासारखे दिसू लागते, कातडी जाड होऊन सुरकुतते आणि तिला भेगा पडतात.

आपल्या भागात घोडा आजही पोटापाण्याशी बांधलेला आहे. धनगरांचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू, वरातीची घोडी, गाडीच्या शर्यतीतला घोडा, डोंगरावर पर्यटकांना फिरवणारा घोडा. अंगावर चट्टे पडलेल्या घोडीला लग्नाची सुपारी कोण देणार? म्हणून मालक घाई करतो, 'खरूज झाली' असे ठरवतो आणि घरात असेल ते औषध चोळतो. इथेच घात होतो.

सर्वांत मोठा धोका गोठ्यातल्या औषधाचा. गाई-म्हशींच्या गोचिडांवर वापरले जाणारे अमिट्राझ पाण्यात कालवून घोड्यालाही फासले जाते. म्हशीला जे चालते ते घोड्याला चालत नाही. या औषधाने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते, पोटशूळ उठतो आणि प्रसंगी घोडा दगावतो. तेव्हा बाटलीवर अमिट्राझ हे नाव असेल, तर ती घोड्यापासून दूर ठेवावी. जनावरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही घोड्याला टोचू नये. घोड्यासाठी हेच औषध तोंडावाटे देण्याच्या पेस्टच्या रूपात येते आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. गॅरेजमधले जळके ऑइल आणि रॉकेल यांनी खाज क्षणभर दबल्यासारखी वाटते, पण कातडी भाजून निघते.

घोडा कुठे घासतो, हे पाहिले तर अर्धे निदान होते. आयाळ, खांदे आणि शेपटीचा बुडखा असेल आणि त्रास दरवर्षी त्याच हंगामात येत असेल, तर चिलटांचा संशय घ्यावा. फक्त शेपटीचाच बुडखा घासत असेल, तर गुदद्वाराभोवती पिवळसर-करडा चिकट थर दिसतो का ते पाहावे. ती सूतकृमीची अंडी असतात आणि तिथे कातडीवरच्या औषधाचा काही उपयोग नसतो, जंताचे औषध द्यावे लागते. पायांच्या खालच्या भागाला खाज आणि घोडा सारखा पाय आपटतो, तर खरजेचे किडे. हिवाळ्यात केस वाढलेले असताना मानेवर, पाठीवर खाज असेल, तर केस फाकून उवा शोधाव्यात. उवांवरची भुकटी दोन आठवड्यांनी पुन्हा लावावी लागते, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत. पावसात भिजलेल्या पाठीवर केसांच्या झुपक्यासकट खपल्या निघत असतील, तर तो जंतूंचा रोग आहे. त्यात खाजेपेक्षा दुखणे जास्त असते, आणि अंग कोरडे ठेवणे हा त्यावरचा निम्मा उपचार.

चिलटांच्या खाजेविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्याकडे पाणथळ जागा, उसाचे पाट आणि उकिरडे यांची कमतरता नाही. हा रोग संसर्गाचा नव्हे. चावताना चिलटाची लाळ कातडीत जाते आणि काही घोड्यांच्या शरीराला ती सोसत नाही. म्हणून एकाच तबेल्यात एक घोडा रक्तबंबाळ होतो आणि शेजारचा निवांत चघळत उभा असतो. आइसलँडमध्ये ही चिलटे पिढ्यान्पिढ्या नव्हती. तिथून युरोपात नेलेल्या घोड्यांना हा त्रास फार होतो, मात्र त्याच जातीची तिकडे जन्मलेली शिंगरे बऱ्यापैकी तग धरतात. ऑस्ट्रेलियात या खाजेला क्वीन्सलँडचे नाव आहे. 1960 साली भारतात आलेली घोड्यांची आफ्रिकन साथही याच जातीच्या चिलटांनी पसरवली होती.

चिलटे मुख्यतः दिवस मावळताना आणि उजाडताना चावतात, आणि वाऱ्यात त्यांना उडता येत नाही. म्हणून सूर्यास्तापूर्वी घोडा आत बांधावा आणि त्याच्यावर साधा पंखा सोडावा. हा उपाय महागड्या मलमापेक्षा चांगला, असे माझे मत आहे. साधी मच्छरदाणी पुरत नाही, तिच्या भोकांतून चिलट सहज शिरते. बारीक विणीची जाळी घ्यावी. पातळ सुती कापडाची झूल शिंप्याकडून शिवून घेतली तर मान आणि पोट झाकले जाते. लीद रोज उचलावी, दावणीजवळ चिखल साचू देऊ नये. माणसांच्या खरजेसाठी मिळणारे बेंझिल बेंझोएट आयाळीला आणि शेपटीला लावले जाते, पण फुटलेल्या कातडीवर नव्हे. हे सारे त्रास सुरू होण्यापूर्वी करावे, कातडी एकदा फुटली की खाज आणि घासणे एकमेकांना वाढवत नेतात. स्टिरॉइडच्या सुईने घोडा दोन दिवसांत शांत होतो, हे खरे. पण तिच्यामुळे खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होण्याची भीती असते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

ज्यांच्या घरी घोडा नाही, त्यांनाही एक गोष्ट लागू आहे. गोल, केस गेलेले, कोंडा पडणारे चट्टे म्हणजे गजकर्ण. ते खरारा, खोगीर आणि तंग यांवरून दुसऱ्या घोड्याला आणि हात लावणाऱ्या मुलांनाही होते. अशा घोड्याचे सामान वेगळे ठेवावे आणि बरे होईपर्यंत मुलांना वर बसवू नये.

आणि खाज नसताना पायांच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या सुजलेल्या शिरा, त्यांवर ओळीने गाठी, गाठी फुटून चिकट पू आणि नाकातून शेंबूड असेल, तर तो ग्लँडर्स असू शकतो. 2006 मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता. तो माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरतो. त्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. असा घोडा वेगळा बांधावा, त्याचे पाण्याचे भांडे दुसऱ्या घोड्याला लावू नये, जखमेला उघडा हात लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.