सायकलीचा प्रवास व रात्रीचा मुक्काम

दूरच्या प्रवासास सायकलीवरून निघावयाचे म्हटले म्हणजे घरातील मंडळींचा पहिला प्रश्न रस्त्याविषयी नसतो, जेवणाविषयीही नसतो. "रात्री निजाल कोठे?" हा तो प्रश्न होय. गेल्या दिवाळीनंतर आमच्या तेल्हाऱ्याच्या घरात या एका प्रश्नाने आठ दिवस ठाण मांडले होते. अकोल्यास महाविद्यालयात शिकणारी आमची नात दोघी मैत्रिणींसह सायकलीने पंढरपुरास जाण्याचा बेत घेऊन घरी आली. तिच्या काकांनी नकाशावरून अंतर काढले. कोणत्याही वाटेने गेले तरी ते ४०० किलोमीटरांहून अधिकच भरते. आजीचे म्हणणे, दिवसाचे पोरी पाहून घेतील, रात्रीचे कोण पाहणार? सूनबाईंचा प्रश्न याहून नेमका होता. "जेथे उतरतील तेथे न्हाणीच्या दाराला आतून कडी असेल ना?" वाद अखेर आमच्यापुढे आला, कारण हा प्रवास या घरात पूर्वी एकट्या आम्हीच केलेला आहे.

तो १९८१ साली. बरोबर आमचे एक बालमित्र होते. आमच्या शाळेतील शिपायांचे ते चिरंजीव, पुढे एस. टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. दोघांच्या दोन काळ्या, वजनदार सायकली, मागे कॅरिअरवर वळकटी, हँडलला पिशवी आणि पंक्चरच्या सामानाचा पत्र्याचा एक डबा, एवढा आमचा सरंजाम. महिना मार्गशीर्षाचा, आणि तो विचारपूर्वक निवडलेला. वऱ्हाडात पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल घातली तर चाक व मडगार्ड यांच्यामध्ये असा चिखल बसतो की सायकल मनुष्यास नेत नाही, मनुष्यच सायकलीस नेतो. वैशाखातील अकोल्याचे ऊन सर्वांस ठाऊकच आहे. मार्गशीर्षात रस्ते कोरडे, शेतांत कापसाची वेचणी चाललेली, आणि कार्तिकीची गर्दी ओसरल्यामुळे पंढरपुरास जागा मिळण्याची आशा. वैगुण्य एकच, रात्रीची थंडी.

आता सुखाचा मुक्काम म्हणजे काय? तरुणांस वाटते, गादी व पंखा. परंतु ६०-७० किलोमीटर पाय मारून आलेल्या मनुष्यास गादीची मातब्बरी नसते. तो सतरंजीवरही निजतो. त्यास हवे असते कोरडी जागा, अंगावर घेण्यास ऊन पाणी, सायकल नजरेसमोर किंवा कुलपात, आणि त्या गावात आपले नाव ठाऊक असलेला निदान एक मनुष्य. पिण्याच्या पाण्याचे महत्त्व आम्हां खारपाणपट्ट्यातील लोकांस कोणी सांगावयास नको. पूर्णेच्या खोऱ्यातील पुष्कळ गावांच्या विहिरींचे पाणी मचूळ. त्यात साबणास फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. वान धरणाचे पाणी नळाने येऊ लागल्यापासून तेल्हाऱ्याचा तो त्रास पुष्कळ उणा झाला. पण आमच्या तरुणपणी परगावी गेलो की पहिला घोट घेताच आम्ही विहिरीची परीक्षा करीत असू.

जागा शोधण्यास दुपारी चारच्या सुमारास लागावे, हा आमच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. दिवेलागणीनंतर दारात उभा राहिलेला अनोळखी मनुष्य कोणास पाहुणा वाटत नाही. मुख्याध्यापक, पोलीस पाटील किंवा देवळाचे पुजारी यांपैकी कोणास तरी गाठावे. आणि आम्ही कोण, कोठून आलो व उद्या किती वाजता निघणार, या तीन गोष्टी त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगाव्यात. तिसरी तर अगत्याने सांगावी. मनुस्मृतीत अतिथीची जी व्याख्या आहे, तीत तो एकच रात्र राहतो हे मुख्य लक्षण सांगितले आहे. ज्याची स्थिती नित्य नव्हे तो अतिथी. या दृष्टीने सायकलस्वारासारखा शास्त्रशुद्ध अतिथी दुसरा नाही, कारण पहाट होताच तो निघण्यास उतावीळ असतो. ही व्याख्या आम्ही वर्गात तीस वर्षे सांगितली. तीत आणखीही एक शब्द आहे. त्याकडे पुढे वळू.

साहेबलोकांचे काम सोपे होते. थॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ मोठ्या चाकाच्या सायकलीवरून १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यास गेला, तो डाकबंगल्यांच्या आधाराने. उलट, १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकी तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. वाळवंटे तुडविणाऱ्या त्या मंडळींसाठी पलंग घालून कोण बसले असेल? डाकबंगल्यांची आज विश्रामगृहे झाली आहेत. पण तेथे आगाऊ परवानगी लागते, आणि कोणा वरिष्ठांचा दौरा निघाला की परवानगीचा कागद खिशात राहतो. असो.

आमचा पहिला मुक्काम शेगावास झाला. तेल्हाऱ्याहून वरवट बकालवरून शेगाव हा अर्ध्या दिवसाचा पल्ला. श्रीगजानन महाराजांनी १९१० साली तेथे समाधी घेतली, तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या निवाऱ्याची चिंता संस्थान वाहत आले आहे. तेथील स्वच्छतेविषयी आम्ही निराळे सांगावयास नको. वऱ्हाडातील प्रत्येक घरात कोणी ना कोणी ती पाहून आलेले असते.

दुसऱ्या दिवशी खामगाव मागे टाकल्यावर पायनघाट संपून बालाघाटाची चढण लागली. सायकली हाती धरून चढताना आमचा वेळेचा हिशेब चुकला. मेहकर गाठण्यापूर्वीच दिवस मावळला, आणि आमच्या मागच्या चाकातील हवा हळूहळू उतरू लागली. वाटेवरच्या एका गावी आमच्या दूरच्या आप्तांचे घर होते. गावाचे नाव येथे देत नाही. यजमान ओसरीवर आले, त्यांनी आम्हांस ओळखले, त्यांस आनंद झाला. मग त्यांनी आमच्या मित्रांचे आडनाव विचारले. आम्ही ते सांगितले. मित्रांचे घराणे पूर्वी महार म्हणून ओळखले जाई, १९५६ नंतर ते बौद्ध झाले. आडनावावरून हे कळण्यासारखे होते. यजमान आत जाऊन परत आले व म्हणाले, "आईंचे सोवळे कडक आहे, त्यांचे वय झाले आहे; तुम्ही समजून घ्याल." कोणी समजून घ्यावयाचे, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. ते काम आमच्या मित्रांनीच उचलले. "तू जाय आत," ते आम्हांस म्हणाले, "मी सायकलीपाशी झोपतो. कोणी तरी पाहिजेच नं."

आम्ही आत गेलो. ऊन पाणी मिळाले, पाटावर बसून जेवलो, गादीवर रजई पांघरून निजलो. साऱ्या प्रवासातील सर्वांत सुखाचा मुक्काम तोच होता. आणि हे लिहिताना हात अडखळतो तो एवढ्यासाठी की, झोपही आम्हांस तत्काळ लागली. मित्रांचे जेवण पत्रावळीवर गोठ्याच्या पडवीत पोहोचले. पहाटे आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन्ही सायकली पुसून उभ्या होत्या व आमच्या चाकाचे पंक्चर काढलेले होते. रात्री कंदिलाच्या उजेडात ट्यूब पाण्यात धरून त्यांनी छिद्र शोधले होते. पाणी कोणी दिले, हे आम्ही विचारले नाही.

मनूच्या व्याख्येतील राहिलेला शब्द आता सांगतो. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी, असे ते वचन आहे. आणि पुढे, ब्राह्मणाच्या घरी आलेल्या इतर वर्णांच्या लोकांस त्या अर्थाने अतिथी म्हणू नये, वैश्य व शूद्र आल्यास त्यांस चाकरांबरोबर जेवू घालावे, असे सांगितले आहे. आमच्या मित्रांच्या पूर्वजांस तर त्या पंक्तीतही स्थान नव्हते. पुढे शिक्षक झाल्यावर तो शब्द आम्ही मुलांपुढे गाळीत असू, काळास शोभत नाही म्हणून. त्या रात्री तो गाळण्याची संधी आली होती, ती आम्ही घेतली नाही.

सकाळी मेहकरास पोहोचलो. तेथे हेमाडपंती बांधणीची एक जुनी धर्मशाळा आहे. दगडी खांब उभे आहेत, बाकीचे पुष्कळसे पडले आहे. आमचे मित्र एका खांबाला टेकून बसले व तेथेच त्यांनी शिदोरी सोडली. त्या खांबांनी कोणास आडनाव विचारले नसेल, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. यादवांच्या काळीही विचारीतच असतील. तेथून पुढे आम्ही कोणाच्या घरी उतरलो नाही. लोणार, परभणी, परळी वैजनाथ, अंबेजोगाई, बार्शी, कोठे शाळेची पडवी तर कोठे एस. टी.चे स्थानक, अशा रात्री काढल्या. त्यांविषयी सांगण्यासारखे विशेष नाही. डास पुष्कळ होते.

पंढरपुरास पोहोचल्यावर मित्रांनी तेथवर येण्याचे खरे कारण सांगितले. त्यांस चोखामेळा धर्मशाळा पाहावयाची होती. गाडगे महाराज हे आमच्या वऱ्हाडचेच. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्म, बालपण मूर्तिजापुराजवळ मामाच्या गावी. हातात खराटा व मडक्याचा तुकडा घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र झोपडीत राहिला. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस रात्री पाठ टेकावयास जागा नसे, म्हणून ही धर्मशाळा. ती त्यांनी १९४९ साली डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मित्र त्या इमारतीसमोर बराच वेळ उभे होते. आम्ही दोन्ही सायकली धरून बाजूस थांबलो.

नातीस यातील काय सांगावे, हा आमच्यापुढे प्रश्न होता. व्यावहारिक सूचना पुष्कळ सांगितल्या. मोठ्या देवस्थानांची भक्तनिवासे आज स्वच्छ व स्वस्त आहेत. तेथे तिघींनी आपापली ओळखपत्रे जवळ ठेवावीत, कित्येक ठिकाणी एकट्या मनुष्यास खोली देत नाहीत. लॉजमध्ये भाडे विचारण्यापूर्वी सायकल वर नेऊ देतात का हे विचारावे, आणि पैसे देण्यापूर्वी कडी लावून पाहावी. खेड्यात शाळेतील बाईंना आधी भेटावे. हातातील यंत्रावर आता गावोगावची लॉजे दिसतात, तेथल्या खोल्यांची चित्रेही दिसतात. कडीचे चित्र मात्र कोणी देत नाही, हा सूनबाईंचा आक्षेप होता व तो रास्त आहे.

पंक्चर काढावयास शिकविण्यासाठी आमचे मित्र दोन दिवस आमच्या अंगणात येत होते. तिसऱ्या प्रहरी चहाच्या वेळी नातीने वही घेतली व म्हणाली, "आजोबा, तुमचे सगळे मुक्काम ओळीने सांगा." आम्ही शेगाव सांगितले आणि एकदम मेहकरावर आलो. मित्रांनी बशी खाली ठेवली व मधल्या गावाचे नाव सांगितले. "त्या गावच्या विहिरीचं पाणी लय गोड होतं, माय," ते नातीस म्हणाले. तिने विचारले, "तुम्ही कोणाकडे उतरला होतात?" तेव्हा सगळी हकीकत आम्हीच सांगितली. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आमचे सांगणे संपल्यावर मित्र म्हणाले की, एक गोष्ट आम्हांस ठाऊक नाही. रात्री सर्व निजल्यावर त्या घरच्या आई कंदील घेऊन पडवीत आल्या होत्या. पाण्याची बादली त्यांनीच आणून ठेवली, आणि अंगावरची घोंगडी काढून दिली. पहाटे घोंगडी परत नेण्यासही त्याच आल्या. "पोराला सांगू नको," एवढेच बोलल्या.

ज्यांच्या सोवळ्याचे कारण सांगितले गेले, त्या याच आई. चाळीस वर्षांहून अधिक काळ आमचे मित्र ही गोष्ट मनात ठेवून होते. आम्ही त्यांस विचारले की, हे तेव्हाच का सांगितले नाही? ते म्हणाले, "तू इचारलं नाहीस."

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिघी निघाल्या. पहिल्या रात्री शेगावाहून फोन आला, तो आजीने घेतला. दुसऱ्या संध्याकाळी मित्र आपण होऊन आमच्या ओसरीवर येऊन बसले. दिवेलागणीस फोन वाजला. मेहकरास शाळेतील एका बाईंनी तिघींस आपल्या घरी ठेवून घेतले होते. सूनबाईंनी कडीचे विचारले; कडी होती. मग मित्रांनी फोन मागून घेतला.

"सायकली कुठं ठेवल्या, माय?"

"आतच घेतल्या, आबा. बाईंनीच घ्यायला लावल्या. आमच्या अंथरुणांशेजारी आहेत."